वाळवंटातला एक दिवस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात जैसलमेरच्या एका दिवसाच्या गाईडेड टूरबद्दल लिहिलं होतं. सकाळी डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये प्राणी-पक्षी, दुपारनंतर अकलचं दगड झालेलं जंगल आणि रात्री वाळूवर चटई टाकून तारे बघायचे, असा तो कार्यक्रम. त्यावर तुमची भरपूर पत्रं आणि मेसेज आले, बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र करून घेतलेत. खूप जणांनी विचारलंय की तिथे बघायला आहे तरी काय, सगळं ओसाडच ना? मला वाटतं गोव्यातल्या माणसाला तरी हे पटवून द्यायला नको. आपले सडे बघा की, एप्रिलमध्ये नुसता तापलेला काळा-तांबडा दगड आणि वाळकं गवत, आणि श्रावणात त्याच सड्यावर पाय ठेवायला जागा नाही एवढी फुलं. ओसाड दिसणारी जमीन रिकामी नसते, हे आपण घराजवळच बघत आलोय. वाळवंटाचंही तसंच आहे, आणि ते कोणाचं तरी घर आहे हे डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं लिहितेय.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, डिसेंबरच्या सुट्टीत जायचा विचार आहे. एका दिवसात एवढं सगळं खरंच होतं की नुसती पळापळ? आणि गोव्याहून जायचं कसं? – एक वाचक, म्हापसा

होतं, पण पहाटे उठायची तयारी पाहिजे. नॅशनल पार्कचा सुदासरी भाग शहरापासून साधारण साठ किलोमीटर आहे, उजाडायच्या वेळी तिथे पोचायचं म्हणजे अंधारातच निघायला लागतं. तिथे साडेदहा-अकरापर्यंत थांबायचं, मग परत येऊन जेवायचं आणि चक्क झोपायचं. हे मुद्दाम सांगते कारण दुपारची झोप गाळून किल्ला-हवेल्या करायला गेलात तर रात्री तारे बघताना डोळे मिटायला लागतात. तीनच्या सुमारास अकल, ते बाडमेर रोडवर शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटरवर आहे, आणि तिथून खुडी गावाच्या बाजूला जायचं, सूर्यास्त आणि रात्र तिकडेच. सगळं मिळून दोन-अडीचशे किलोमीटर गाडी होते, रस्ते सरळ आणि मोकळे आहेत त्यामुळे घाटातल्यासारखा त्रास नाही. किल्ला दुसऱ्या दिवशी बघा, तो कुठे जात नाही.

जायचं म्हणाल तर सोयीचं जोधपूर. विमानाने मुंबई-दिल्ली करून जोधपूर, किंवा मडगाव-थिवीहून रेल्वेने मुंबई नाहीतर अहमदाबाद गाठून पुढची गाडी. जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पाच-सहा तास धरा. जैसलमेरला विमानतळ आहे पण तिथली विमानं सीझनप्रमाणे असतात, तेव्हा बुकिंगच्या आधी चालू आहेत का बघून घ्या. आणि वाटेत जमलं तर फलोदीजवळ खिचन नावाचं गाव आहे तिथे सकाळी थांबाच. हिवाळ्यात डेमॉइझेल क्रेन म्हणजे तिथले लोक ज्यांना कुरजां म्हणतात ते पक्षी हजारोंनी येतात, मध्य आशिया-मंगोलियाकडून, आणि गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालतात. २०२५ मध्ये खिचनला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. टूरवाले हे सहसा धरत नाहीत, तुम्हीच सांगायला लागतं.

प्रश्न: मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अकलला झाडं दगड झाली म्हणजे नेमकं काय झालं? मुलं विचारतात की मग आमच्या गोव्यात असं का सापडत नाही, त्यांना काय सांगू? – एक शिक्षिका, डिचोली

टीचर, हा प्रश्न आला म्हणून खूप बरं वाटलं.

अकलची झाडं साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीची, ज्युरासिक काळातली. तेव्हा तिथे वाळवंट नव्हतं, हवा उष्ण आणि दमट होती, नद्या होत्या, उंच झाडांचं जंगल होतं. फुलं येणारी झाडं तेव्हा तिथे नव्हती, ही सगळी सूचिपर्णी जातीची, पाईनच्या दूरच्या नात्यातली. झाडं पडली, नदीच्या गाळात-वाळूत पटकन पुरली गेली, आणि पटकन हे महत्त्वाचं आहे, कारण उघड्यावर राहिली असती तर किडे-बुरशीने खाऊन टाकली असती. आत हवा नाही म्हणून कुजणं मंद झालं आणि गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचाच पदार्थ, लाकडाच्या पेशीपेशीत जाऊन बसत गेली. लाकूड हळूहळू गेलं आणि त्याचा आकार दगडात राहिला. म्हणून तिथल्या ओंडक्याजवळ बसून बघितलंत तर सालीच्या उभ्या चिरा दिसतात, फांदी फुटली त्या जागेची गाठ दिसते आणि तुटलेल्या तोंडाशी लाकडाचा पोत अगदी सुताराने नुकतीच करवत चालवल्यासारखा. हात लावला की मात्र थंड आणि जड, दगडच.

मुलांना आधी सांगून ठेवा की तिथे उभं जंगल नाही. एकवीस हेक्टरचा उघडा खडकाळ उतार आहे, त्यावर ओंडके आडवे पडलेत आणि बऱ्याच ओंडक्यांवर जाळीचा पिंजरा आणि वर पत्रा घातलाय. पहिल्यांदा बघणारा नाराज होतो, एवढ्यासाठी आलो का म्हणतो. इथेच गाईड कामाला येतो, चांगला गाईड लोकांना ओंडक्यापासून ओंडक्यापर्यंत पळवत नाही, एकाच ठिकाणी बसवतो आणि बघायला लावतो. उतारावर शिंपल्यांचे जीवाश्मही सापडलेत. ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथला खडाही उचलायचा नाही, मुलांच्या खिशात जातात म्हणून सांगते.

पुढे त्याच भागावर समुद्र आला. जैसलमेरचा तो पिवळा दगड, ज्याने किल्ला बांधलाय, तो समुद्राच्या तळाशी तयार झालेला चुनखडक. त्या थरांमध्ये अमोनाइट सापडतात, म्हणजे गुंडाळलेल्या शिंगासारखे दिसणारे समुद्री जीव, शार्कचे दात सापडलेत, थईयात गावाजवळ डायनोसॉरच्या पावलांचे ठसे मिळाले, आणि २०२३ मध्ये आयआयटी रूरकी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी जैसलमेरजवळ मिळालेल्या हाडांवरून एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची नवी जात जाहीर केली, थारोसॉरस इंडिकस, वय १६ कोटी ७० लाख वर्षं. ही हाडं तिथे रस्त्यावर बघायला मिळणार नाहीत हे लक्षात असू द्या, कोणी दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. हाबूर गावाच्या दगडाचे वाडगे मात्र बाजारात दिसतील, त्या दगडात शिंपल्यांचे तुकडे भरलेले असतात आणि विरजण न घालता त्यात दही लागतं असं तिथले लोक सांगतात.

आता गोवा. आपले खडक अकलपेक्षा खूप खूप जुने आहेत. अनमोड घाटातला एक नाईस (gneiss) जातीचा खडक तर सुमारे ३४० कोटी वर्षांचा मानतात, त्या काळी पृथ्वीवर झाडच काय, साधं गवतही नव्हतं, फक्त सूक्ष्म जीव. त्यात हे खडक नंतर जमिनीखाली दाबले गेले, तापले, वाकले, त्यांचं रूपच बदललं, अशा दगडात नाजूक अवशेष टिकत नाहीत. आणि वर जो आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, आहे तो खडक पावसाने झिजून-मुरून तयार झालेला, त्यातही काही जपून राहत नाही. म्हणजे गोव्यात डायनोसॉरची हाडं मिळत नाहीत याचं कारण आपली जमीन कमी नाही, ती त्यांच्या आधीची आहे. मुलांना हे सांगा, त्यांचे चेहरे बघा. उसगाळीमळची कुशावती काठची चित्रं दाखवायला नेत असाल तर तेवढं मात्र वेगळं करून सांगा, ती माणसाने कोरलेली आहेत, जीवाश्म नव्हेत.

प्रश्न: पक्षी बघायची आवड आहे. एका टूरवाल्याने माळढोक दाखवायची शंभर टक्के गॅरंटी दिलीय, जास्त पैसे घेतो. घ्यावं का? – एक वाचक, फोंडा

नको. गॅरंटी देणारा माणूस पक्ष्याच्या मागे जीप घालणार, दुसरा मार्गच नाही त्याच्याकडे.

माळढोक, तिथे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. उभा राहिला तर मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत जातो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये एवढे जड फार थोडे आहेत. सगळ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या या पट्ट्यात. मादी जमिनीवर उघड्यावर, वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. त्या अंड्यावर कुत्रा आला, गुरांचा पाय पडला, जीप गेली, की ते वर्ष गेलं. आपल्या बाजूला सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठीच अभयारण्य झालं, एके काळी लोक तिथे जाऊन आरामात बघून यायचे, आज तिथे तो दिसणं म्हणजे बातमी होते. ती जागा संपली कशी हे मला अजून सलतं, आणि म्हणूनच थारमध्ये तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा धोका विजेच्या तारांचा. माळढोकचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि वजन एवढं की शेवटच्या क्षणी वळता येत नाही, सरळ तारेवर जाऊन आपटतो. जैसलमेरच्या मोकळ्या जमिनीवर पवनचक्क्या आणि सोलर प्लांट झाले, त्यांच्या तारा सगळीकडे गेल्या. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या अभ्यासाप्रमाणे तिथल्या ४,२०० चौरस किलोमीटरच्या भागात सगळ्या जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांमुळे मरतात. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला होता, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. एकीकडे स्वच्छ वीज पाहिजे आणि दुसरीकडे हा पक्षी, असा तो झगडा आहे. माझं मत विचाराल तर सोलर दुसरीकडेही लावता येतं, माळढोकला दुसरी जागा नाही. त्यातल्या त्यात चांगली बातमी म्हणजे सम आणि रामदेवरा या गावांजवळ अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चाललंय आणि ते यशस्वी होतंय. ती केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत, तिथे न्या म्हणून गाईडच्या मागे लागू नका.

मग दिसेल का? दिसू शकतो, लांबून, दुर्बिणीतून. वनखात्याची परवानगी आणि तिकीट आधीच करून घ्या, त्यांचा किंवा जवळच्या गावातला गाईड घ्या, गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा आणि खाली उतरायची घाई करू नका. आणि फक्त त्याच्यासाठी जाऊ नका हो, नाहीतर बाकी सगळं हातचं जातं. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, त्यात वाळूच्या टेकड्या थोड्याच, बाकी गवताळ माळ, खडक आणि खेजडीची झाडं. खेजडी म्हणजे आपली शमीच. चिंकारा कळपाने दिसतात, वाळवंटी खोकड सकाळी बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं असतं, कबुतरासारख्या पाखुर्ड्या पाण्यावर येतात आणि हिवाळ्यात गरुड आणि गिधाडं एवढी की मान दुखेल.

जमिनीकडे बघायला विसरू नका. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा असतो, मुख्यतः शाकाहारी, त्याच्या बिळाचं तोंड अर्धचंद्रासारखं, आणि आत गेला की तो ते माती लोटून आतून बंद करतो. चांगला गाईड बंद बीळ दाखवून सांगतो, आत आहे. थंडीच्या दिवसात तो बहुतेक झोपूनच असतो, फेब्रुवारी अखेरीला ऊन वाढलं की बाहेर दिसायला लागतो. बाजारात सांड्याचं तेल म्हणून काही विकतात, ते घेऊ नका, या सरड्यांना मारून काढतात आणि तो गुन्हा आहे. वाळूवर सकाळी कधी कधी तिरप्या, एकमेकींना समांतर, सुट्या सुट्या रेघा दिसतात, त्या फुरशाच्या. तेच फुरसं जे आपल्या कोकण-गोव्यातल्या दगडाखाली असतं, तिथे मऊ वाळूवर ते आडवं चालतं. म्हणून संध्याकाळनंतर अनवाणी फिरायचं नाही, फोटोसाठीही नाही.

प्रश्न: कॉलेजला आहे, तारे बघायची आवड आहे. गोव्यापेक्षा तिथे वेगळं काय दिसतं? आणि आकाशगंगा मोबाईलवर येते का? – एक विद्यार्थी, मडगाव

पहिला फरक अंधाराचा आणि कोरड्या हवेचा. आपल्याकडे दमटपणा, ढग आणि किनाऱ्यावरचे लाईट, त्यामुळे चांगल्या रात्रीही क्षितिजाजवळ सगळं धुरकट असतं. तिथे शहरापासून पन्नास किलोमीटर गेलं की क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाश मोकळं. वारा असला तर बारीक धूळ उडते आणि खालचे तारे पुसट होतात, तेवढं धरून चला.

दुसरा फरक अक्षांशाचा, आणि हा तू स्वतः मोजून बघ, खूप मजा येते. हात पुढे ताणून मूठ धरलीस की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. गोव्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून पंधरा अंशांवर, म्हणजे दीड मूठ, म्हणून माडांच्या मागे लपतो आणि बऱ्याच जणांनी तो बघितलेलाच नसतो. जैसलमेरला तो सत्तावीस अंशांवर, जवळजवळ तीन मुठी, आणि आड काहीच नाही. दक्षिणेला उलटं. अगस्त्य तारा गोव्यातून बावीस अंशांपर्यंत चढतो, तिथे फक्त दहा. जाण्यापूर्वी घरून मोज, तिथे जाऊन मोज, पृथ्वी गोल आहे हे स्वतःच्या मुठीने कळतं.

नोव्हेंबर-डिसेंबरला संध्याकाळी डोक्यावर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा मोठा समूह, येते, डोळ्याला पुसट ढगाच्या ठिपक्यासारखी, अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा अकलची झाडं पुरून साडेसतरा कोटींहून जास्त वर्षं झाली होती. दुपारी ओंडका बघायचा आणि रात्री हे बघायचं, दोन्ही एकाच दिवशी, म्हणून मला ही टूर एवढी आवडते. नंतर कृत्तिका, रोहिणी, मृग आणि त्याच्या मागून व्याध. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खाली साध्या दुर्बिणीने बघ, जो धुरकट पुंजका दिसतो तिथे नवे तारे जन्मतायत. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का पडतात, चंद्र नसेल तर ती रात्र सोडू नको.

आकाशगंगेबद्दल सगळ्यांची निराशा होते ती तारीख चुकल्यामुळे. फोटोत दिसतो तो जाड, झगझगीत भाग धनु-वृश्चिकेकडचा, आणि तो संध्याकाळच्या आकाशात असतो आपल्या पावसाळ्यात. डिसेंबरला दिसते ती आकाशगंगेची फिकी बाजू, तीही सुंदर पण तशी नव्हे. झगझगीत भाग पाहिजे असेल तर फेब्रुवारी अखेर-मार्च, पहाटे चारनंतर, आग्नेयेला. त्या दिवसांत सांडाही जागा झालेला असतो, म्हणून मला कोणी एकच वेळ विचारली तर मी ही सांगते, फक्त स्थलांतरित पक्षी तोवर थोडे कमी झालेले असतात.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडायचं आणि अमावास्या बघायची, मागेपुढे चार-पाच दिवस चालतात. पौर्णिमेची स्पेशल टूर विकतात, चांदण्यात वाळू फार सुरेख दिसते हे खरं, पण तारे बघायला जायचं असेल तर ती नको. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकदा कोणी मोबाईलचा टॉर्च मारला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन लावून ने. मोबाईलवर फोटो येतो, नाईट किंवा प्रो मोड, ट्रायपॉड आणि टायमर पाहिजे, हाताने होणार नाही. हिरवा लेझर नेऊ नको, ड्रोन तर नाहीच, तो सीमेजवळचा भाग आहे आणि हवाई दलाचा तळ आहे.

प्रश्न: आमच्या ग्रुपला सम गावचा डेझर्ट कॅम्प, ड्यून बॅशिंग म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर जीप पळवणं, आणि नाचगाणी असं पॅकेज मिळतंय, त्यातच स्टारगेझिंग पण आहे म्हणतात. घ्यावं? – एक वाचक, वास्को

मजा करायला जायचं असेल तर जा, पण त्यात तारे दिसतील असं समजू नका. समला तंबूंच्या रांगा आहेत, रात्री स्टेजवर फ्लडलाईट आणि स्पीकर, आणि ते बंद झाल्यावर अकरा-बाराला कोणीतरी दुर्बीण आणून चंद्र दाखवतो. बुकिंग करायच्या आधी फोनवर एकच विचारा, लाईट किती वाजता बंद करता? जो लगेच नीट उत्तर देतो त्याच्याकडे जा. खुडीकडे आणि आतल्या गावांमध्ये लोक स्वतःच्या घराजवळ छोटे मुक्काम चालवतात, चार-सहा माणसं, कंदील आणि चूल, तिथे अंधारही मिळतो आणि पैसे गावात राहतात.

ड्यून बॅशिंगबद्दल मात्र स्पष्ट सांगते, करू नका. वाळू पुन्हा सारखी होते असं सांगतात. उघड्या टेकडीची होते. पण जीप तिथवर जाते ती टेकड्यांमधल्या गवतावरून, झुडपांवरून, आणि सांड्याची बिळं, खोकडाची बिळं, जमिनीवरची घरटी सगळी तिथेच असतात. ते गवतच वाळूला धरून ठेवतं, ते उखडलं की वारा वाळू उचलून नेतो. आपल्याकडे ओलिव्ह रिडले कासवांच्या किनाऱ्यावर कोणी जीप घातली तर आपण ओरडतो ना, मग तिथे आपणच पैसे देऊन का करायचं? उंटावर बसा, तो वाट सोडत नाही. फक्त उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, तेव्हा मागे रेलून घट्ट धरा, नाहीतर तोंडावर पडाल.

प्रश्न: वय ६८, गुडघ्यांचा थोडा त्रास. मुलं चल म्हणतात. झेपेल का, आणि थंडी किती? – एक आजी, काणकोण

आजी, नक्की जा. चढण कुठे नाही, अकलला उतारावर थोडं चालणं आहे पण खडी आहे म्हणून काठी आणि पक्क्या तळाच्या चपला घ्या. वाळूच्या टेकडीवर चढायचा हट्ट करू नका, पायथ्याशी खुर्ची टाकायला सांगा, सूर्यास्त तिथूनही तोच दिसतो. थंडी मात्र आपल्याला माहीत असलेली नव्हे. दुपारी पंचवीस अंश असतं आणि पहाटे कधी कधी पाचाच्याही खाली जातं, आपण गोंयकार शाल घेतली म्हणजे झालं असं समजतो. लोकरीची टोपी, मोजे, जाड स्वेटर आणि रात्री झोपून तारे बघायला रजई, हे सगळं लागतंच. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही आणि तहानही लागत नाही, तरी घोट घोट पाणी पीत राहायचं, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावायचं. बाथरूमची सोय पार्कात आणि वाटेत फार थोडी आहे, निघताना ड्रायव्हरला स्पष्ट सांगून ठेवा की थांबायला लागेल, त्यात लाजायचं काही नाही. बीपी-शुगरची औषधं हातातल्या बॅगेत.

प्रश्न: नुस्तें (मासे) मिळतं का तिथे? – पेडण्याहून एक ग्रुप

नाही मिळत. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, गट्ट्याची भाजी आणि केर-सांगरी खा. सांगरी म्हणजे त्याच खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवतात आणि दुष्काळात माणसं यावरच जगली. सुकट बरोबर न्यायचा विचार असेल तर राहता त्या घरात आधी विचारा, बरीच घरं शाकाहारी असतात.

प्रश्न: एवढ्या लांब जायला यंदा जमणार नाही. इथे गोव्यात राहून यातलं काय करता येईल? – एक वाचक, साखळी

बरंच काही. पणजीची असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही संस्था कित्येक वर्षं लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवतेय, त्यांचे कार्यक्रम कधी आहेत ते विचारून घ्या, मुलांना न्या. अंधार पाहिजे तर नेत्रावळी, काणकोणच्या आतल्या भागात ओळखीच्या कोणाकडे मुक्काम करा. जरा लांब चालत असेल तर महाराष्ट्रातलं पेंच अभयारण्य आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातलं पहिलंच. सड्यावर पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि सप्टेंबरात चवथीच्या आसपास पुन्हा एकदा जा, दोन्ही वेळा तीच जागा बघा. कीटक खाणारी दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती चिऱ्याच्या ओल्या खळग्यात सापडेल, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी जैसलमेरच्या माणसाला इथे यावं लागेल बघायला. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल अशा किनाऱ्यावर उभे राहा, काणकोणच्या बाजूला बरं पडतं. क्षितिजापासून एक-दीड मूठ वर चार ताऱ्यांचा छोटा क्रूस दिसेल, तो त्रिशंकू. थारमधून तो जेमतेम वर डोकावतो आणि धुळीतच राहतो. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे आहेत, त्यातला लांबचा, जास्त झगझगीत तो मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळची ताऱ्यांची मंडळी, सव्वाचार प्रकाशवर्षांच्या आसपास. यंदा अमावास्येच्या आसपासचा एखादा शनिवार धरा, आणि काय दिसलं ते मला लिहून कळवा.